बंद दुकाने, उघडी यंत्रे

घर चालते ते घरातल्या माणसांमुळे, असा आपला सर्वांचा समज असतो. सन २०२० च्या मार्च महिन्यात या समजाला चांगलाच धक्का बसला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या मध्यरात्रीपासून सारा देश एकवीस दिवसांसाठी बंद झाला, आणि ते एकवीस दिवस वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेले. एरवी पाय ठेवायला जागा नसणारी आपली गणपत गल्ली आणि खडे बाजार ओस पडले. वडगाव-शहापूरकडच्या मागांची खटखट थांबली. उद्यमबागेतील लेथ गप्प झाले. त्या साथीने कित्येक कुटुंबांवर जो घाला घातला, त्यापुढे घरातील नळ, पंखा, शिवणयंत्र यांच्या तक्रारी अगदीच किरकोळ होत्या. परंतु या किरकोळ तक्रारींनीच मला एक गोष्ट शिकवली. पदार्थविज्ञानाची अध्यापिका म्हणून पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभी राहूनही ती मला तितक्या स्पष्टपणे उमगली नव्हती. ती गोष्ट विद्यार्थी मित्रांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दुकाने बंद झाली, पण वस्तू बिघडायच्या थांबल्या नाहीत. उलट सारी माणसे चोवीस तास घरात असल्यामुळे त्या अधिकच बिघडू लागल्या. पंखा दिवसभर फिरे, कुकर दोनाचा चार वेळा चढे, नळ शंभरदा उघडला-मिटला जाई. एरवी आपण काय करतो? गल्लीच्या तोंडाशी जाऊन कुणाला तरी सांगून येतो. तो माणूस येतो, दहा मिनिटांत काहीतरी करतो, पैसे घेतो आणि जातो. त्याने काय केले हे आपण पाहत नाही. पाहिले तरी विचारत नाही. तो येणे बंद झाले तेव्हा प्रथमच आपल्याला आपली यंत्रे स्वतः उघडावी लागली.

थेंबे थेंबे तळे साचे

सुरुवात झाली मोरीतल्या नळापासून. तो ठिबकत होता. आपल्या शहरात राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते. ज्या भागात ते रोज येत नाही, तिथल्या गृहिणीला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मी पुतणीला म्हटले, आधी मोजू. साधारण वीस थेंबांचे एक घन सेंटीमीटर पाणी होते. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे सुमारे सव्वाचार लिटर. महिन्याचे झाले एकशे तीस लिटर. पाण्याची टाकी भरल्यावर जी म्हण आपण सहज उच्चारतो, तिचे गणित हे असे आहे.

नेहमीचा पितळी नळ आतून फार साधा असतो. मूठ फिरवली की आतला दांडा पेचावरून खाली सरकतो आणि त्याच्या टोकाची रबरी चकती, म्हणजे आपला वायसर, पाण्याच्या वाटेच्या गोल कडेवर दाबून बसतो. वर्षानुवर्षे त्याच कडेवर दाबला गेल्यामुळे वायसरवर एक गोल खाच पडते आणि तीमधून पाणी वाट काढते. आपण मात्र नळ गळू लागला की मूठ अधिक जोराने आवळतो. त्यामुळे ती खाच आणखी खोल होते. म्हणजे आपला उपायच रोग वाढवतो.

दुरुस्तीचा क्रम असा: टाकीचा कॉक बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे, पान्याने वरचा भाग सोडवून दांडा बाहेर काढावा. नवा वायसर मिळण्याची सोय तेव्हा नव्हती. जुनाच वायसर उलटा केला. त्याची दुसरी बाजू सपाट होती. तेवढ्यावर नळाने पुढचे तीन महिने काढले. मात्र ज्या कडेवर वायसर बसतो ती कडच झिजली असेल, तर नवा वायसरही टिकत नाही. तेव्हा दोन्ही बाजू बोटाने चाचपून पाहाव्यात. बिघाड नेमका कुठल्या बाजूला आहे हे ठरवणे म्हणजे निम्मी दुरुस्ती.

कुकर आणि बेळगावची उंची

दुसरी तक्रार कुकरची. शिट्टी होईना, कडेने वाफ फसफसत बाहेर पडे, डाळ शिजेना. येथे थोडे शास्त्र सांगायला हवे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते; आपल्याकडे साधारण साडेसत्त्याण्णव अंशांना. उघड्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्याचे तापमान, खाली कितीही जाळ केला तरी, त्यापुढे जात नाही. कुकर वाफ कोंडतो, दाब वाढवतो, आणि त्यामुळे पाणी ११८ ते १२० अंशांपर्यंत तापू शकते. झाकणावरचे वजन हा त्या दाबाचा पहारेकरी. ठरलेला दाब झाला की वाफ त्याला उचलते आणि आपल्याला शिट्टी ऐकू येते.

दाब होतच नसेल तर वाफ कुठून तरी निसटते आहे हे उघड आहे. संशयित तीन: रबरी गॅस्केट, झाकणाची अगर भांड्याची पिचकलेली कड, आणि सुरक्षा-झडप. गॅस्केटवर खळ साचली असेल तर ते कोमट पाण्याने धुऊन, पुसून, उलटे बसवून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काही दिवस निभावते. कडक पडलेले, तडे गेलेले गॅस्केट मात्र बदलण्यावाचून इलाज नसतो. वजन काढून खालची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, हेही पाहावे. नळी तुंबलेली असेल तर शिट्टी होत नाही आणि दाब मात्र वाढत राहतो. हा प्रकार गळतीपेक्षा कितीतरी भयंकर.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. सुरक्षा-झडपेच्या जागी दुसरे काही ठोकून बसवू नये. तिच्यात कमी उष्णतेला वितळणारा धातू भरलेला असतो. पाणी आटले अगर नळी तुंबली की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. स्वतः नष्ट होऊन घर वाचवणारा हा तुकडा आहे. त्याच्याशी काटकसर करू नये.

पंखा आणि पंखेवाले मामा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या खोलीतला पंखा बंद पडला. त्या खोलीत माझ्या सासूबाई असतात. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे, त्यात दमा. उन्हाळा ऐन भरात, आणि डॉक्टरांनी तर बाहेर पाऊल ठेवू नका म्हणून बजावलेले. पंखा चालू होणे ही आता हौसेची बाब राहिली नव्हती.

आमच्या मागच्या गल्लीत पंख्यांचे वाइंडिंग करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या दुकानाला कुलूप होते. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, “बाई, आदी मेन स्विच बंद करा. बंद केलात? आता पाती हातानं फिरवून बघा की. अडकतात काय?”

पाती मोकळी फिरत होती. म्हणजे बेअरिंग धड होते.

“आता वास घ्या. करपल्यासारखा येतोय काय?”

वास नव्हता. म्हणजे तारांवरचे वार्निश जळलेले नव्हते, कॉइल शाबूत होती.

“आता चालू करा आणि फोन पंख्याजवळ धरा.”

पंखा फिरत नव्हता, पण बारीक गुंऽऽ असा आवाज येत होता. मामांनी तो फोनवरून ऐकला. मग म्हणाले, “बंद करा. हातानं पातीला गती द्या, हात काढा, आणि पोरीला बटन दाबायला सांगा.” तसे केले, आणि पंखा संथपणे का होईना, फिरू लागला. “कंडेन्सर गेलाय,” मामा म्हणाले. “बाकी काही नाही.”

या सगळ्याला पाच मिनिटे लागली. मामा तिथे नव्हते, हाती कोणतेही मापकयंत्र नव्हते, तरी निदान झाले. मी वर्गात ज्याला शास्त्रीय पद्धत म्हणते ती यापेक्षा वेगळी नाही. शक्यता मांडायच्या, प्रत्येकीसाठी एक चाचणी घ्यायची, एकेक शक्यता बाद करायची. मामांनी ती पद्धत कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. पन्नास वर्षे पंखे उघडून ती त्यांच्या हाती आली आहे.

आता पंखा हाताच्या धक्क्याने का फिरला? घरात येणारी वीज एकाच कलेची असते. तिने निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र नुसते मागेपुढे होते, गोल फिरत नाही. अशा क्षेत्राची कल्पना आपण परस्परविरुद्ध दिशांना फिरणाऱ्या दोन सारख्या क्षेत्रांची बेरीज म्हणून करू शकतो. पंखा स्थिर असताना दोघांची ओढ सारखीच. म्हणून तो जागचा हलत नाही, नुसता गुणगुणतो. एका बाजूला धक्का दिला की त्या बाजूची ओढ वरचढ होते आणि तो तिकडे फिरत राहतो. कंडेन्सर पुरता गेलेला असेल तर उलटा धक्का दिल्यास तो उलटाही फिरेल! हा धक्का रोज देणे शक्य नसते, म्हणून पंख्यात दुसरी कॉइल असते आणि तिच्यासोबत कंडेन्सर जोडतात. कंडेन्सरमुळे दुसऱ्या कॉइलीतील प्रवाह पहिलीच्या थोडा पुढे धावतो, आणि दोघींच्या मेळातून खरोखर फिरणारे क्षेत्र तयार होते. छताच्या पंख्यात हा कंडेन्सर बहुधा अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो. वयोमानाने त्याची धारकता घटते, तेव्हा आधी पंखा मंदावतो आणि शेवटी धक्का मागू लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले तेव्हा मामांच्या कंपाउंडच्या भिंतीवर कागदात गुंडाळलेला एक कंडेन्सर ठेवलेला होता. दाराआडून त्यांनी सांगितले, “मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टुलावर चढू नका. नुसतं भिंतीवरचं बटन बंद करून भागत नाही.” हे का, तेही सांगते. जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटन चुकीच्या तारेवर असते. बटन बंद असूनही पंख्यात वीज खेळत असते. शिवाय जुन्या कंडेन्सरमध्ये भार साठून राहू शकतो. म्हणून त्याची उघडी टोके बोटांनी धरू नयेत. आधी ती बल्बच्या दोन टोकांना लावून रिकामी करावीत. एवढी काळजी घेऊन दोन तारा सोडल्या, दोन जोडल्या, आणि सासूबाईंच्या खोलीतला पंखा फिरू लागला.

मामांनी पैसे नंतर द्या म्हणून सांगितले. पण मला ठाऊक होते, आणि त्यांनाही ठाऊक होते, की मार्च ते मे हाच पंखेवाल्यांचा हंगाम. वर्षाची निम्मी कमाई याच तीन महिन्यांत होते. ज्या दिवसांत त्यांच्या दुकानापुढे रांग लागायची, त्याच दिवसांत त्या दाराला कुलूप होते. पुढे केंद्र सरकारच्या १५ एप्रिल २०२० च्या सूचनांमध्ये इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटार मेकॅनिक आणि सुतार यांना रोगाची तीव्रता नसलेल्या भागांत २० एप्रिलपासून काम करण्याची मुभा मिळाली. त्याच आठवड्यात आणखी दोन प्रकारच्या दुकानांना सूट जाहीर झाली: विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची आणि विजेच्या पंख्यांची. पुस्तक आणि पंखा एकाच ओळीत! त्या ओळीचा मला तेव्हा मोठा आनंद झाला होता.

शिवणयंत्रावरची धूळ

एप्रिलच्या आरंभी घरी शिवलेले कापडी मास्क वापरावेत असा सल्ला सरकारने दिला, आणि महिन्याच्या मध्यात सार्वजनिक जागी तोंड झाकणे सक्तीचे झाले. आमच्या माळ्यावर सासूबाईंचे पायाचे शिवणयंत्र पंधरा वर्षे पडून होते. ते खाली उतरवले. चाक जागचे हलेना.

कारण सोपे होते. कुणीतरी केव्हातरी त्यात खोबरेल तेल घातलेले होते. खोबरेल थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होऊन सांध्यात बसते. यंत्राला यंत्राचेच पातळ तेल हवे. प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून, दोरा न ओवता, चाक हळूहळू मागेपुढे फिरवत राहिलो. काळा चिकटा बाहेर आला. तो पुसून मग तेल दिले. सुईखालची पट्टी काढली तर तिच्याखाली जुन्या कापडाच्या तंतूंचा नमदा बसला होता. तो ब्रशने काढला. चामड्याचा पट्टा सैल झाला होता, तो थोडा कापून पुन्हा जोडला.

यंत्र चालू लागले, पण टाका सुबक येईना. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे वेढे लोंबत. येथे सासूबाई गुरू झाल्या. खुर्चीवरून त्यांनी सांगितले, “खाली वेढे दिसले की दोष वरच्या दोऱ्याचा. वरचा पेच आवळ.” शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो, एक वरून सुईतला आणि एक खालून बॉबिनमधला. दोघांची ओढ सारखी असली तर त्यांची गाठ कापडाच्या मधोमध पडते आणि दिसत नाही. वरचा सैल पडला की खालचा त्याला खाली ओढतो, आणि खालचा सैल पडला की उलट. बिघाड जिथे दिसतो तिथे तो नसतो, त्याच्या समोरच्या बाजूला असतो! हे वाक्य मी पुढे विद्युत्मंडले शिकवताना अनेकदा वापरले आहे.

त्या यंत्रावर आम्ही दोन महिन्यांत गल्लीतल्या बहुतेक घरांपुरते मास्क शिवले. ऐंशी वर्षांच्या ज्या बाईला आपण सारे जण जपत होतो, तिच्याच ज्ञानावर ते काम चालले.

छंद म्हणून रेडिओ

गरजेच्या दुरुस्त्या संपल्या की हाताला चाळा लागतो. आमच्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता. सेल आत राहिल्याने स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी पूड चढली होती. ती पॉलिश पेपरने घासून काढली. आवाज वाढवताना खरखर होई, कारण त्या बटणाखालच्या पट्टीवर धूळ बसलेली. बटन दोन्ही टोकांपर्यंत पन्नास वेळा फिरवले, तेव्हा पट्टी साफ झाली आणि खरखर गेली.

मग आम्हाला रात्रीचा छंद लागला. दिवसा मध्यम लहरींवर धारवाड आणि सांगली अशी जवळची केंद्रे लागत. सूर्य मावळला की तीच पट्टी गजबजून जाई, तमिळ, तेलुगू, हिंदी, कुठली कुठली केंद्रे. याचे कारण आकाशात आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री हा थर विरतो. लहरी आणखी वरच्या थरांपर्यंत पोहोचतात आणि तिथून परतून शेकडो मैलांवर उतरतात. रेडिओचे तोंड फिरवले की एखादे केंद्र मंदावते आणि दुसरे वर येते, कारण आतल्या फेराइटच्या कांडीला दिशेची जाण असते. घराबाहेर पडायला बंदी होती त्या दिवसांत, रेडिओ फिरवत फिरवत सारा दक्षिण भारत आम्ही अंगणात बसून ऐकला. माझ्या पुतणीने वहीत तक्ता केला: वेळ, भाषा, आवाजाची प्रत. विज्ञानाचा अभ्यास याहून वेगळ्या रीतीने सुरू होतो असे मला वाटत नाही.

टाचणीने नव्हे, काडीने

त्याच वर्षी वर्ग मोबाइलवर आले. खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातला आमचा एक विद्यार्थी रोज टेकडीवर चढून वर्गाला बसे, कारण खाली गावात संपर्क मिळत नसे. एके दिवशी त्याने दुसऱ्याच्या फोनवरून सांगितले, माझा फोन चार्ज होत नाही, मी आता वर्गाला येणार नाही. घरात फोन एकच, दुकान बंद, खानापूरला जायला बस नाही.

त्याला विचारले, फोन खिशात ठेवतोस का? होय म्हणाला. चार्जर दुसऱ्या फोनला चालतो का? चालतो. वायर पूर्ण आत बसते का? नाही, थोडी बाहेर राहते. एवढ्यावरून निदान झाले. खिशातले कापसाचे तंतू चार्जिंगच्या भोकात दाबून बसले होते. फोन पूर्ण बंद करून, लाकडाच्या बारीक, कोरड्या काडीने ते तंतू अलगद काढायला सांगितले. टाचणी वापरायची नाही असे बजावले, कारण धातूने आतले संपर्क मोडतात अगर जोडले जातात. संध्याकाळी त्याचा स्वतःच्या फोनवरून निरोप आला. ते तीन प्रश्न विचारण्याची रीत मी मामांकडून घेतली होती. त्या मुलाचे वर्ष त्या काडीमुळे वाया गेले नाही.

काय उघडू नये

येथे एक इशारा आवश्यक आहे. उत्साहाच्या भरात सर्वच काही उघडायचे नसते. मायक्रोवेव्ह भट्टी आणि जुना काचनळीचा दूरदर्शन संच यांच्यात वीज तोडल्यावरही जीवघेणा भार राहू शकतो. गॅसचा रेग्युलेटर उघडण्याची वस्तू नाही. नळीला तडा दिसला तर नळी बदलावी, चिकटपट्टी लावू नये. फुगलेली मोबाइलची बॅटरी टोचू नये, दाबू नये. वारंवार उडणाऱ्या फ्यूजमध्ये जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवून चोराला बोलावणे. जिथे आपल्याला कारण समजत नाही तिथे हात थांबवावा आणि जाणकाराला बोलवावे. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखणे हेही दुरुस्तीचेच अंग आहे.

कसे आणि का

महाविद्यालय पूर्ववत सुरू झाल्यावर आम्ही मामांना एका दुपारी प्रयोगशाळेत बोलावले. त्यांनी सोबत एक जळलेला पंखा आणला आणि मुलांसमोर त्याच्या कॉइली भरून दाखवल्या. आमच्याशी ते मराठीत बोलत, पण तारेचे वेढे मोजताना ओठ हलत ते कानडीत: ओंदु, एरडु, मूरु. आपण ज्याला पक्कड म्हणतो ती त्यांची इक्कळ, हातोडी ती सुत्तिगे, खिळा तो मोळे. आणि वायसर, कंडेन्सर, वाइंडिंग हे दोन्हीकडचे. त्यांच्या दुकानात या भाषांचे कधी भांडण झालेले नाही. ज्या नियतकालिकाच्या पुढच्या पानांवर कानडी विभाग आहे, त्यात ही नोंद करावीशी वाटली.

काम झाल्यावर मामांनी मला विचारले, “बाई, पन्नास वर्षं कंडेन्सर जोडतोय. जोडला की फिरतो एवढं ठाऊक. पण त्यानंच का फिरतो?” मी फळ्यावर दोन बाण काढले, विरुद्ध दिशांना फिरणारे, आणि वर सांगितले तेच त्यांना सांगितले. ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे धक्का दिल्यावर फिरतो तो ह्याचमुळं.” वर्गात त्या प्रश्नाला तितके लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला आहे.

माझे म्हणणे येथेच आहे. “कसे” हे ज्ञान गल्लीत आहे आणि “का” हे ज्ञान महाविद्यालयात. मध्ये एक भिंत आहे. टाळेबंदीत काही आठवडे ती भिंत पडली, कारण दोघांनाही एकमेकांची गरज लागली. दुकाने उघडल्यावर ती पुन्हा उभी राहिली. मामांचा मुलगा या धंद्यात नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण आपणही नव्या पंख्याची किंमत आणि दुरुस्तीची मजुरी यांची तुलना करून जुना पंखा भंगारात देतो.

शिवाय यंत्रेही बदलत आहेत. आज बाजारात येणारे बीएलडीसी पंखे साधारण तीस वॅटवर चालतात. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर घेई. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारे छापणे सक्तीचे झाले. वीज वाचते ही मोठीच गोष्ट आहे. परंतु या पंख्यांत मामांचा कंडेन्सर नाही. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पाटी आहे, आणि ती बिघडली तर कंपनीकडूनच आणावी लागते. सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला मिळालीच पाहिजे, या मागणीला दुरुस्तीचा हक्क म्हणतात. आपल्या केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी जुलै २०२२ मध्ये एक समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू केले. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो बजावायला हात लागतात. पाना धरायला न शिकलेल्या पिढीला दुरुस्तीचा हक्क काय कामाचा?

म्हणून एक सूचना करते. महिन्यातील एका शनिवारी दुपारी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक टेबल दुरुस्तीसाठी मोकळे ठेवू. विद्यार्थ्यांनी घरातली एखादी बिघडलेली वस्तू आणावी. गावातल्या एका कारागिराला दर वेळी गुरू म्हणून बोलवावे आणि इतर पाहुण्या व्याख्यात्यांना देतो तसे मानधन त्याला द्यावे. वस्तू उघडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत दोन ओळी लिहाव्यात: बिघाड काय असावा, आणि तो तसाच आहे हे कसे तपासणार. दुरुस्ती झाली तर उत्तम. नाही झाली तरी आत काय आहे हे कळेल, आणि जो माणूस रोज ते उघडतो त्याला काय येते हेही कळेल. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही यावे; गळक्या नळाला शाखा नसते.

स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे आहेत. मामांनी येण्याचे कबूल केले आहे.